सरासरी पाच रुपये

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. चाळीस वर्षं एका ताटाला ताट लावून जेवलो, तिच्या आजारपणात तिच्या उशाशी बसलो, तिने एकदा विचारलंही होतं, "तुम्हांला काय खातंय आतून?" तेव्हा मी म्हटलं, पित्त झालंय. ती मरेपर्यंत माझ्यासाठी आल्याचा रस काढत राहिली. तिला जे सांगितलं नाही ते तुम्हांला सांगतोय. तुम्ही कोण, मला ठाऊक नाही. बरंच आहे. तोंडासमोर माणूस असलं की माझी जीभ आजही वळते ती खोट्याकडेच.

मी मास्तर होतो. गणिताचा. भडगावच्या अलीकडे, गिरणेच्या काठाला एक गाव आहे, नाव कशाला हवंय? तिथे माझी पहिली नेमणूक. वय एकवीस. धुळ्याला ट्रेनिंग करून आलेलो, डोक्याला टोपी, खिशाला दौतीचा डाग आणि अंगात मस्ती. अर्ध्या हळकुंडाने पिवळा म्हणतात ना, तो मी. गावातल्या म्हाताऱ्यांची पत्रं वाचून दाखवायची, पाटलाचा अर्ज लिहून द्यायचा, आणि चार लोकांनी "मास्तरले इचारा" म्हटलं की छाती फुगवायची. पगार जेमतेम, पण मान केवढा!

आता कौतिकबाईबद्दल सांगतो. हे टाळून पुढे जाता येणार नाही.

कौतिकबाई कापूस वेचणाऱ्या बायकांच्या टोळीची मुकादमीण. पन्नाशीची, उंच, आवाज असा की या शेतातून हाक मारली तर त्या शेतातली वाकलेली बाई ताठ उभी राही. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. घरी दीर आणि धाकटी जाऊ — सुपडाबाई. सुपडाबाईच्या आधीची भावंडं जगली नव्हती म्हणून तिला जन्मताच सुपात घातलं होतं, त्यावरून नाव. बारीक चणीची, हसरी. कौतिकबाईने तिला लेकीसारखी वागवली होती. दोघी एका पाटीत भाकरी खायच्या, एकमेकींच्या केसांना तेल लावायच्या. गावात म्हणायचे, जावा-जावांचं असं पाहिलं नाही बुवा कुठे.

या टोळीची एक रीत होती. मजुरी कापसाच्या वजनावर मिळायची, पण कोणी किती वेचला हे टोळीत कोणी बघायचं नाही. सगळ्यांचा कापूस एका ढिगात, सगळ्यांचे पैसे एका फडक्यात, आणि शेवटी सारखी वाटणी. म्हाताऱ्या हातांचा कमी भरतो, पोटुशी बाई वाकू शकत नाही — तरी सारखं. मुकादमीण सगळ्यांत शेवटी घेणार. ही रीत कौतिकबाईच्या सासूने घातलेली. पूर्वी हिशेब मापारी करायचा, म्हणजे कापूस तोलणारा, आणि चहापाण्याला म्हणून काही ठेवून घ्यायचा. मी आल्यावर मीच पुढे होऊन म्हणालो, मी करून देतो, फुकट. मापाऱ्याचं तोंड कडू झालं. मला गंमत वाटली.

पहिल्या वर्षी सोपं होतं. इतके रुपये, इतक्या बाया, भागा. दुसऱ्या वर्षी गुंता झाला.

एका मोठ्या शेताची वेचणी दोन वेच्यांत, म्हणजे दोन फेऱ्यांत, झाली. पहिल्या वेच्याला दहा बायका होत्या. बोंडं भरघोस फुटलेली, लुगड्याचा पदर खोचून केलेले ओटे पटापट भरायचे. त्या वेच्याची मजुरी झाली साठ रुपये. दुसऱ्या वेच्याला याच दहा, आणि मागून आलेल्या आणखी दहा. त्या सातपुड्याच्या पायथ्याकडच्या, तिकडची ज्वारी निघाल्यावर कामाला आलेल्या. पण दुसऱ्या वेच्याला कापूस विरळ. वीस जणींची मिळून मजुरी ऐंशी रुपये. म्हणजे पहिल्या वेच्याचे बाईमागे सहा, दुसऱ्याचे चार. झालं, जिचे जे तिला द्यावे, प्रश्न मिटला. पण कौतिकबाई ऐकेना. म्हणाली, कापूस विरळ त्यात त्या बायांचा काय दोष? "हात तितलाच चालस ना त्यास्ना? मंग बठ्ठास्ले सारखं." दोन्ही वेच्यांचा एकच दर काढा. एक वेचा केला तिला एक हिस्सा, दोन केले तिला दोन.

स्वतःच्या पदरचे कमी करून परक्या बायांना द्यायला निघालेली बाई! आणि तिच्या दहा जणी माना डोलावत होत्या. मी आयुष्यात पुढे मोठमोठ्यांची भाषणं ऐकली, पण यापेक्षा मोठं काही ऐकल्याचं आठवत नाही.

मी म्हटलं, याला सरासरी म्हणतात. आणि बरं का, त्याच आठवड्यात चौथीला मी सरासरी शिकवत होतो. केवढा योग! म्हटलं, या, शाळेत या, फळ्यावर करून दाखवतो.

कौतिकबाईने शब्द दोनदा उच्चारून पाहिला. सरासरी. सरा, सरी. मग तिचा चेहरा उजळला. "सरासरी म्हंजे सरी-सरीले सारखं पानी. असंच ना?" मळ्यातल्या सरीला पाटाचं पाणी देतात, एकीत तुंबू द्यायचं नाही, दुसरी कोरडी ठेवायची नाही — तिला तो शब्द असा कळला. मी हसलो. तसं नाही म्हणालो असतो, पण मला वाटलं, राहू दे, अडाणी बाईला हेच पुरे. तिला माझ्यापेक्षा जास्त कळलं होतं, हे कळायला मला एक तासही लागला नाही.

मालकाने पैसे दिले ते सगळे चांदीचे कलदार. कौतिकबाईला विसापुढे मोजता यायचं नाही, म्हणून मालकाने तिच्यासमोर वीस-वीसच्या ढिगल्या लावल्या. सात ढिगल्या. सात विसा. फडक्यात बांधले, आणि कौतिकबाईने ते फडकं सुपडाबाईच्या ओट्यात खोचलं — "तू ले आन शाळाम्हा, मी बायास्ले बलावस." भरवशाचं माणूस म्हणूनच ना दिलं?

शाळेच्या ओट्यावर वीस जणी ओळीने बसल्या. दुपार टळलेली. मी फळा बाहेर काढून भिंतीला टेकवला. आणि आता, इथे माझा हात थांबतोय. पण लिहितो.

मी फळ्यावर लिहिलं, सहा. त्याखाली लिहिलं, चार. बेरीज दहा. दोन संख्या, म्हणून दोनाने भागलं. पाच. खडूने पाचाभोवती गोल काढला, टोपी सारखी केली, आणि सांगितलं — हिश्शामागे पाच रुपये. सरासरी पाच रुपये.

तुम्ही हसताय का? हसा. चौथीच्या पोरालाही मी हेच सांगत असे, की सगळं एकत्र करा आणि सगळ्यांनी भागा. एकशेचाळीस रुपये, हिस्से तीस. पहिल्या वेच्याचे दहा, दुसऱ्याचे वीस. सरासरीची सरासरी काढायची नसते. दहा बायांचे सहा आणि वीस बायांचे चार हे एका तागडीत कसे बसतील? पण पाच कसा सुरेख आला होता! ना आणा ना पै. पूर्णांक आला की आम्हां गणितवाल्यांना वाटतं, देवानेच उत्तर दिलं.

बाया खूश झाल्या. त्या पायथ्याकडच्या दहा जणींना चाराऐवजी पाच मिळणार होते. एक म्हातारी शंका काढू लागली तर कौतिकबाईने तिला गप्प केलं. "मास्तरनं लिखेल शे. लिखेल खोटं कसं ऱ्हाई?"

सुपडाबाईने ओट्यातून फडकं काढून दिलं. कौतिकबाई वाटू लागली. आधी पाहुण्या दहा जणी, पाच-पाच. मग आपल्या आठ, दोन-दोन हिश्शांचे दहा-दहा. शेवटी सुपडाबाईला दहा दिले आणि फडक्यात हात घातला.

फडकं रिकामं.

तिने फडकं उलटं केलं, झटकलं. मग माझ्याकडे पाहून हसली, अजून तिला काही वाईट शंका नव्हती, आणि म्हणाली, "मास्तर, शेवटली सरी कोरडी ऱ्हायनी." मग म्हणाली, हिशेब परत एकदा दखा ना.

मी फळ्याकडे वळलो. सहा, चार, दहा, पाच. मला कळायला किती वेळ लागला असेल? एक श्वास. पाच तिरीक पंधरा, दीडशे. हातात एकशेचाळीस. पायाखालची वाळू सरकते म्हणतात, ती सरकली. दहा रुपये कुठे पडले नव्हते, कोणी घेतले नव्हते. ते दहा रुपये कधी नव्हतेच. मीच ते खडूने जन्माला घातले होते.

तेव्हा सगळं सावरता येत होतं, हे नीट ऐका. पाहुण्या बाया अजून ओट्यावरच होत्या. पैसे अजून मुठीत होते. "माझं चुकलं" एवढं म्हणायचं होतं. प्रत्येकीने हिश्शामागे पाच आणे चार पै परत केले असते, हसून केले असते, आणि गावाने मला आठ दिवस चिडवलं असतं. बस्स. तेही नको तर माझ्या ट्रंकेत सतरा रुपये होते. शाळेमागेच माझी खोली. दहा आणून "हे माझ्याकडेच राहिले होते" म्हटलं असतं तरी चाललं असतं.

पण मापारी कोपऱ्यावर उभा होता. तमाशा बघायला आलेला. आणि दोन दिवसांनी शाळा तपासायला दिपोटी यायचे होते. मला वाटलं — काय वाटलं? आता आठवून बघितलं तर इतकंच आठवतं की मापाऱ्याच्या मिशीखाली हसू होतं आणि ते मला सहन झालं नसतं. एवढ्यासाठी? हो. एवढ्यासाठीच.

मी ओलं फडकं घेतलं आणि फळा पुसला. मग म्हणालो, "हिशेब चोख आहे. पैसे वाटेत कमी झाले असतील."

वाटेत. तो शब्द मी मुद्दाम घातला होता का? मला अजून सांगता येत नाही. पण वाटेत पैसे कोणाच्या ओट्यात होते, हे तिथे प्रत्येक बाईला माहीत होतं.

सगळ्यांच्या माना हळूहळू सुपडाबाईकडे वळल्या. ती उठली. तिने लुगड्याचा ओटा सोडला, निऱ्या झटकल्या, चोळीची गाठ चाचपली, सगळ्यांदेखत. मग स्वतःच्या वाट्याचे दहा रुपये कौतिकबाईच्या मांडीवर ठेवले. "मी नही लिन्हं, अक्का. पन तू हाई ले."

अहो, ती माया होती! थोरल्या जावेचा हात रिकामा राहू नये म्हणून तिने आपले दिले. पण मागून कुणीतरी पुटपुटलं, "चोर नही, ते मंग देस कसाले?" आणि ते सगळ्यांना पटलं. मापाऱ्याला पटलं. मी कौतिकबाईकडे पाहत होतो. तिने जावेकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. होय म्हणून हलवली की नुसती हलली, कोण जाणे. कौतिकबाईने ते दहा रुपये उचलले आणि फडक्यात बांधले.

त्या दिवसापासून त्या दोघी एका ताटात जेवल्या नाहीत. पहिले काही दिवस सुपडाबाई शेतापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर वाकून माती चाळताना दिसायची. धुरळ्यात बोटं फिरवायची, बांधाचं गवत उपटून बघायची. वर्गात बसून मला खिडकीतून दिसायची. मी खिडकी लावून घेतली. दुपारची उन्हं तापलेली, पोरं घामाघूम झाली, तरी लावून घेतली.

पुढच्या वर्षी एका ढिगाची रीत मोडली. भरवसाच उरला नाही तर एकत्र कशाला? जिचा तिचा कापूस वेगळा तोलायचा, जिचा तिला पैसा. मापारी पुन्हा हिशेबाला आला. त्या शंका काढणाऱ्या म्हातारीचा ओटा कमी भरायचा, तिला कोणी टोळीत घेईना. ती घरी बसली. सासूपासून चालत आलेली रीत — ती मी मोडली, एका फडक्याने. सुपडाबाईच्या पाठीमागे पोरं "सुपडी चोट्टी" ओरडायची. माझ्याच शाळेतली पोरं. मी त्यांना छड्या मारल्या, बेदम मारल्या. पण खरं सांगितलं नाही. शेवटी सुपडाबाई आणि तिचा नवरा गाव सोडून गेले.

एकदा सुपडाबाईला पाठवायला मनीऑर्डरचा फॉर्म आणला होता. दहा रुपये. पाठवणाराचं नाव या रकान्यापाशी आलो आणि फॉर्म फाडला. त्या दहा रुपयांत मी नंतर बायकोला लुगडं घेतलं.

इथेच संपतं तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं. वय लहान होतं, भ्यालो, असं स्वतःला समजावत मेलो असतो.

पंधरा-सोळा वर्षांनी माझी बदली अमळनेरला झाली. तिथे एका जिनच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, फाटकापाशी, दुपारच्या सुट्टीत, बाया भिंतीच्या सावलीला भाकरी खात बसायच्या. केसांत, भुवयांत रुईची तूस. मी तिथून चाललो होतो, तर एक बाई उठून आडवी आली. मी ओळखलं नाही. तिने मला ओळखलं. पदर सारखा केला, "मास्तर" म्हणाली, आणि खोकायला लागली. खोकला थांबेना. तेव्हा ओळखलं.

ती रागावली नव्हती. रागावली असती तर! तिने आधी माझी खुशाली विचारली. मग सांगितलं, कौतिकबाई गेली दोन सालांमागे. निरोप कळून ही गेली होती, पण अंगणातल्यांनी आत सोडलं नाही. आजारी बाईनेच सांगून ठेवलं होतं म्हणे, तिला येऊ देऊ नका. हे सांगताना डोळे कोरडेच होते तिचे. आणि मग, इतकी वर्षं मनात घोळवलेला प्रश्न असावा, तिने अगदी हळू विचारला. तुमचा हिशेब बरोबरच होता ना, मास्तर? कारण तिला गाठ घट्ट मारल्याचं आठवतं, पण आताशा वाटतं, नाल्यापाशी ती घसरली होती, तेव्हा तर सैल झाली नसेल?

ना मापारी होता तिथे, ना दिपोटी. कौतिकबाई मेलेली. मला काहीच गमवायचं नव्हतं. समोर एक खोकणारी बाई, जी नाल्यापाशी घसरल्याचं स्वतःला आठवायला शिकली होती. मला एक वाक्य बोलायचं होतं.

मी म्हणालो, "हो बाई. बरोबर होता."

पहिल्या वेळी भ्यालो. या वेळी काय होतं? मी पुष्कळ शोधलं, नाव सापडत नाही. सवय म्हणा. इतकी वर्षं जपलेलं खोटं माणसाला लेकरासारखं होतं, ते मारवत नाही.

तिने मान हलवली. तिच्या तोंडावर सुटल्यासारखं काहीतरी आलं, हे मी कधी विसरणार नाही. "मंग मीच पाडात," ती म्हणाली. माझ्याच हातून पडले. मग जिनचा भोंगा झाला आणि ती आत गेली. वर्षभरात तीही गेल्याचं कळलं, खोकल्याने. मेली ती मनाने चोर नव्हती, पण पैसे हरवणारी, जावेचा संसार मोडणारी होती, आणि ते तिला मी सांगितलं होतं. दोनदा.

त्यानंतरही मी सरासरी शिकवली. दर साली. पोरांना दटावून सांगायचो, सगळं एकत्र करा, सगळ्यांनी भागा. माझे विद्यार्थी गणितात पक्के म्हणून माझं नाव झालं. निरोपाच्या सभेत कोणीसं म्हणालं, मास्तरांचा हिशेब कधी चुकला नाही. मी हार घालून घेतला.

खरा हिशेब असा आहे. एका हिश्शाचे चार रुपये दहा आणे आठ पै. दोन हिश्शांचे नऊ रुपये पाच आणे चार पै. सुपडाबाईकडे तिच्या वाट्यापेक्षा दहा आणे आठ पै जास्त आले होते, तेवढेच तिने परत करायचे होते. तिने दहा रुपये परत केले. पैसे कोणी घेतले नव्हते. नाल्यापाशी काही पडलं नव्हतं. गाठ घट्टच होती.